पाहिजेत : नेटिव्ह

काही शब्दांची आणि मराठी माणसाची पत्रिका जुळतच नाही. ‘नेटिव्ह’ हा त्यांतला अव्वल. कंपनी सरकारच्या अमलात हा शब्द आपल्याला जो चिकटला तो डिंकासारखा. मुंबईत ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ होती आणि बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान तिचा ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होता. पुण्यात १८४८ साली वाचनालय निघालं, त्याची पाटी ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’. पलटणी नेटिव्ह, संस्थानं नेटिव्ह, वर्तमानपत्रं नेटिव्ह. साहेब तेवढा साहेब. उरलेला अख्खा मुलूख नेटिव्ह.

साहेब गेला, शब्द मागे राहिला. सोडून गेलेल्या भाडेकरूची भांडी घासूनपुसून वापरात घ्यावीत तसा मुंबईकराने तो घेतला. ‘तुमचं नेटिव्ह कुठलं?’ असं चाळीत विचारायचं आणि ‘संगमेश्वर’ असं उत्तर ऐकायचं. गणपतीला रजा टाकून माणूस ‘नेटिव्हला’ जातो. लग्नाच्या बायोडेटातला ‘नेटिव्ह प्लेस’चा रकाना पगाराच्या रकान्याच्या खालोखाल बारकाईने वाचला जातो.

अशा माणसाच्या हाती सोल किंवा बँकॉकची एखादी जाहिरात पडते : ‘इंग्रजी शिक्षक पाहिजेत. फक्त नेटिव्ह.’ दीडशे वर्षांनी का होईना, आपली पाळी आली असं त्याला क्षणभर वाटतं. मग तो खालचा बारीक मजकूर वाचतो आणि त्याला कळतं की इथला नेटिव्ह म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणारा, आणि शब्दाने पुन्हा एकदा पाठ फिरवली आहे. नेटिव्हला दाराबाहेर उभं करायचे तेव्हा आपण नेटिव्ह होतो. नेटिव्हला पायघड्या घालायची वेळ आली तेव्हा आपण त्यात बसत नाही.

दक्षिण कोरियाने हा हिशेब सरळ पासपोर्टवर सोडवला आहे. परदेशी भाषाशिक्षकाला तिथे ‘ई-२’ नावाचा व्हिसा लागतो, आणि इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. सप्तर्षी म्हणावेत तसे हे सप्तदेश. आता दक्षिण आफ्रिकेचंच बघा. २०११च्या जनगणनेत तिथे घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्केसुद्धा भरले नव्हते. बाकीच्यांच्या घरात झुलू, खोसा, आफ्रिकान्स आणि इतर भाषा. म्हणून तिथल्या उमेदवाराकडून कोरियाची सरकारी शिक्षकभरती इंग्रजीतून शाळा शिकल्याचे कागद मागते. म्हणजे शाळेत शिकलेलं इंग्रजी चालतं. शाळा कुठल्या झेंड्याखाली भरत होती, एवढाच काय तो प्रश्न.

या नियमाच्या चाळणीतून थोरामोठ्यांना घालून बघण्यात फार मौज आहे. ओटो येस्पर्सन या डॅनिश गृहस्थांनी इंग्रजीचं सात खंडांचं व्याकरण लिहिलं. पहिला खंड १९०९चा, शेवटचा १९४९चा, तोही त्यांच्या निधनानंतरचा. खंड सात, देश सात, पण डेन्मार्क त्यांत नाही. येस्पर्सनसाहेब, आपण येऊ शकता. जोसेफ कॉन्रॅडचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. हा जन्माने पोलिश, इंग्रजी शिकला विशीत, आणि उच्चार शेवटपर्यंत इतका पोलिश की इंग्रज मित्रांनाही कान टवकारावे लागत. मात्र १८८६ साली तो ब्रिटिश नागरिक झाला होता. कोरियाच्या खिडकीवर त्याचं काम झालं असतं, पण ते कादंबऱ्या दाखवून नव्हे.

भारताला या कोटाला एक खिंडार पाडता आलं, तेही व्याकरणाच्या बळावर नाही, व्यापाराच्या. १ जानेवारी २०१० पासून भारत आणि कोरिया यांच्यात जो आर्थिक करार लागू झाला, त्यात मालावरच्या जकातीच्या जोडीला भारतातल्या पात्र शिक्षकांना कोरियन शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येऊ देण्याची तरतूद आहे. एका बाजूने गाड्यांचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूने प्रेझेंट परफेक्ट.

खुद्द ब्रिटन तरी काय करतं? व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा माफ असलेल्या देशांची त्यांची एक यादी आहे. जमैका तीत आहे, माल्टा आहे, बेलीझ आहे. भारत नाही. ज्यांच्या मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी टिपण लिहून हे सगळं लचांड आपल्या गळ्यात घातलं, तेच आता गळा तपासून बघतात की लचांड नीट बसलंय ना.

पासपोर्ट हा निदान कागद आहे, वाचता येतो. चेहऱ्याचं काय करणार? डोनाल्ड रुबिन या अमेरिकन अभ्यासकाने जॉर्जिया विद्यापीठात एक प्रयोग केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. ओहायोतल्या एका अस्सल अमेरिकन बाईंच्या आवाजात छोटं व्याख्यान ध्वनिमुद्रित केलं आणि विद्यार्थ्यांच्या दोन गटांना तेच ऐकवलं. ऐकताना समोर वक्त्या म्हणून एक छायाचित्र. एका गटाला गोऱ्या बाईंचं, दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या बाईंचं. आवाज तोच, वाक्यं तीच, श्वासही त्याच जागी घेतलेले. तरीही आशियाई छायाचित्र पाहणाऱ्या गटाला उच्चार परदेशी वाटले. इथवर समजू शकतो. पण व्याख्यान कितपत समजलं याची चाचणी घेतली तर त्या गटाला समजलंही कमी! ओहायोच्या बाईंना आपण परदेशी उच्चारात बोललो याचा पत्ताच नव्हता.

हा प्रयोग आपल्याकडे मुद्दाम करायची गरज नाही, तो रोज चालू असतो. साखरपुड्यात अमेरिकेहून आलेला भाचा ‘शेड्यूल’चं ‘स्केज्युल’ करतो तेव्हा सगळे कौतुकाने ऐकतात, आणि तोच उच्चार शेजारच्या शाळेतल्या बाईंनी केला तर ‘कुठून उचललं हे?’ असं बघतात. चीनमध्ये तर चेहरा बघून उच्चार ठरवण्याच्या या कलेचा पार धंदा झाला होता. रशिया-युक्रेनकडची सोनेरी केसांची मंडळी ‘कॅनेडियन’ म्हणून बालवर्गात उभी राहिल्याच्या हकिगती तिथे जुन्या आहेत. त्यांच्या इंग्रजीत उपपदांचा दुष्काळ असे, कारण रशियन भाषेत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांतलं काहीच नाही. मराठीतही नाही. पण मराठीचे केस काळे.

या लेखापुरता एक मास्तर कल्पूया. हा सांगलीकडचा, एम.ए., बी.एड., पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलेला, आणि शिवाय पदरमोड करून केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा कोर्स केलेला. कोर्स महिन्याभराचा आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं. त्या सहा तासांनी पंधरा वर्षांचा पाया हलवला. पहिला धडा : शिक्षकाने कमी बोलायचं. त्याला त्यांनी नावही ठेवलं आहे, ‘टीचर टॉकिंग टाइम’, आणि तो घड्याळ लावून मोजतात. घंटा ते घंटा अखंड बोलणं म्हणजेच शिकवणं असं मानणाऱ्या माणसाला हे मौनव्रतच. दुसरा धडा त्याहून जहाल : ‘समजलं का?’ असं कधीही विचारायचं नाही. महाराष्ट्रातली शालेय व्यवस्था ज्या दोन शब्दांवर उभी आहे, तेच काढून घेतले. ‘समजलं ना?’ असं मास्तरने विचारायचं, ‘हो सर’ असं साठ पोरांनी एका सुरात म्हणायचं, आणि कोणालाही काही न समजता दोन्ही पक्षांनी समाधानाने पुढच्या धड्याकडे वळायचं, ही किती सुसंस्कृत तडजोड होती!

तर हा मास्तर थायलंडमधल्या एका शाळेत पोचतो. आत शिरताच वर्ग खाडकन उभा राहतो आणि एका तालात म्हणतो, ‘गुड मॉर्निंग टीचर!’ तो म्हणतो, ‘हाऊ आर यू?’ पन्नास कंठांतून लगेच : ‘आयॅम फाइन थँक्यू, अँड यू?’ मास्तरच्या डोळ्यांत पाणी येतं. चाल वेगळी, पण ही आरती त्याच्या ओळखीची आहे. ताप आलेलं पोरसुद्धा फाइन असतं. ही आरती चीनमध्ये चालते, जपानात चालते, व्हिएतनाममध्येही चालते. कोणी ‘नॉट फाइन’ म्हटलं तर पुढची ओळ कोणालाच येत नाही.

मग उच्चार. थाई शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो. ‘स’ आला तर तो ‘त’ होऊन बसतो. त्यामुळे पोरं खेळतात ‘फुत्बॉन’ आणि ‘तेन्नित’, आणि निरोप धाडतात ‘ईमेन’ने. कोरियात गेला असता तर ‘फ’ आणि ‘झ’ यांची वाट लागलेली दिसली असती : पिझ्झ्याचा ‘पिजा’, झिरोचा ‘जेरो’. जपानात मॅकडोनल्ड्सचं ‘माकुदोनारुदो’ होतं, कारण तिथे एकटंदुकटं व्यंजन रस्त्यावर सोडायची पद्धत नाही, प्रत्येकाच्या हातात स्वर द्यावाच लागतो. शिवाय जपानी तोंडात ‘सि’चा ‘शि’ होतो, आणि ‘सिट डाऊन’ म्हणताना जे ऐकू येतं ते घरात सगळ्यांनी वाचायच्या मासिकात छापता येत नाही.

मास्तर हसत नाही. हसण्याची सोयच नाही. मराठीने इंग्रजीसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अशा दोन चंद्रकोरी लिपीत बसवून घेतल्या, बॅट आणि बॉल दोन्ही सोडवले, पण एक गोष्ट राहूनच गेली. आपला ‘व’ एकच. इंग्रजीत दोन आहेत, व्हीचा वेगळा आणि डब्ल्यूचा वेगळा. एकाला दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. हा भेद मास्तरला कळला तो सेल्टाच्या वर्गात, वयाच्या चाळिशीत. तोवर त्याचा ‘वेस्ट’ हा पश्चिमही होता आणि बनियनही. अंधेरी वेस्टला राहणारी लाखो माणसं वर्षानुवर्षं एका बनियनात राहतात, हे लक्षात आल्यावर तो दोन रात्री आरशासमोर ओठांचे चंबू करत बसला. घरच्यांना वाटलं, परदेशी जायच्या काळजीने असं होत असेल.

त्या आरशाचा उपयोग मात्र पुढे झाला. थाई पोराच्या जिभेने ‘ल’पाशी येऊन नेमकं काय केलं आणि काय करायला हवं होतं, हे तो टाळूचं चित्र काढून दाखवू शकतो. त्याच्या शेजारच्या वर्गात बर्मिंगहॅमचा एक उमदा तरुण शिकवतो, तो म्हणतो, ‘नाही नाही, फुटबॉल! ऐक. फुटबॉल!’ पोर ऐकतं, मनापासून मान डोलावतं आणि म्हणतं, ‘फुत्बॉन.’ तरुण आवाज चढवतो. आवाज चढवला की भाषा उलगडते, हा विश्वास सर्व नेटिव्हांना जन्मजात असतो. बिहारी टॅक्सीवाल्याशी बोलताना आपलंही तेच होतं.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक का, असं पोराने विचारलं की त्या तरुणाकडे प्रामाणिक उत्तर असतं : ‘कानाला बरं वाटत नाही.’ त्याची टिंगल करण्याआधी कोणाही मराठी माणसाने एक परीक्षा द्यावी. ‘रामाने सांगितलं’ म्हणायचं, पण ‘राम म्हणाला’. तिथे ‘ने’ आहे, इथे का नाही? ‘त्याने भाकरी खाल्ली’, पण ‘तो जेवला’. ‘त्याने धडा वाचला’, पण ‘तो धडा शिकला’ आणि दुसऱ्या दिवशी ‘तो धडा विसरला’. एखाद्या कोरियन विद्यार्थिनीने पुण्यात हा प्रश्न विचारला, तर ज्ञानेश्वरांपासूनचा सातशे वर्षांचा वारसा छातीवर मिरवणारा माणूस तिला काय सांगेल? ‘कानाला बरं वाटत नाही.’ आणि मग आवाज चढवून : ‘राम म्हणाला! म्हणाला!’

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे पेटर मेज्जेश या हंगेरियन प्राध्यापकांनी १९९४ साली अख्खं पुस्तक लिहून मांडलं. ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ हे त्याचं नाव. शिकून आलेल्या शिक्षकाला वाटेतला प्रत्येक खड्डा ठाऊक असतो, कारण तो त्यात स्वतः पडलेला असतो. त्याआधी १९८५ साली थॉमस पैकडे यांनी थेट ‘द नेटिव्ह स्पीकर इज डेड!’ अशी उद्गारचिन्हासकट घोषणा केली होती. हे गृहस्थ जन्माने केरळचे, राहायला कॅनडात आणि पेशाने इंग्रजी शब्दकोशकार. मयताची बातमी दिली खरी, पण नोकरीच्या जाहिरातींपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

जाहिरातींचा शास्त्राधार शोधायचा तर युगांडात जावं लागतं. १९६१ साली कंपालाच्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्याविषयी परिषद भरली. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावं, आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह, जितक्या लवकर आणि जितकं जास्त तितकं बरं, असा जो विचार त्या काळी पक्का झाला, त्याची रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली एकेक करून चिरफाड केली. फिलिप्सन स्वतः इंग्रज, एके काळी ब्रिटिश कौन्सिलच्या नोकरीत. घरचाच माणूस बोलला की लोक जरा ऐकतात.

गंमत अशी की हा नेटिव्ह शिक्षक बगलेत जी आयुधं घेऊन फिरतो, ती बहुतेक नेटिव्हांच्या मुलखाबाहेर घडली आहेत. विद्यार्थ्यांचा तो प्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली शिकवायला जपानात गेले. ‘इन्फर्मेशन्स’, ‘ॲडव्हाइसेस’, ‘फर्निचर्स’ असलं अनेकवचनी पीक परकीय वह्यांत कसं फोफावतं हे रोज पाहिल्यावर शिकणाऱ्याला नेमकं काय सांगायला हवं हे त्यांना उमगलं असणार. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही हे सांगणारा त्यांचा कोश सहकाऱ्यांसह तयार झाला, आणि छापला गेला १९४२ साली, टोकियोत, ऐन महायुद्धात. ऑक्सफर्डने तो १९४८ साली आपल्या नावाने काढला. लंडनला बसून हा कोश सुचला नसता. लंडनमध्ये ‘फर्निचर्स’ म्हणतं कोण?

दुसरं आयुध आपल्या अधिकच जवळचं. सेल्टाच्या वर्गात मास्तरला ‘टास्क-बेस्ड’ पद्धत शिकवली गेली, अगदी नव्या बाटलीतल्या औषधासारखी. व्याकरण घोकवू नका, पोरांना सोडवायला काम द्या, भाषा आपोआप येईल. मास्तरने टिपणं काढली आणि मग तळटीप वाचली : एन. एस. प्रभू, बंगळूर. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या गच्च भरलेल्या वर्गांत प्रभूंनी नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं घेऊन हा प्रयोग केला होता. ‘मद्रासहून सकाळी सुटलेली गाडी बंगळूरला किती वाजता पोचेल?’ हे पोरांनी इंग्रजीत शोधायचं. (गाडी वेळेवर पोचेल हे गृहीतक सोडलं तर प्रयोग शास्त्रशुद्ध होता.) मास्तरने घसघशीत फी भरून, पौंडांत, जे ज्ञान मिळवलं ते मिरजेहून रात्रीच्या गाडीने जाऊन आणता येण्यासारखं होतं.

भारतीय शिक्षकाने परदेशी इंग्रजी शिकवणं यात खरं तर नवल काहीच नाही. भूतानने १९६०च्या दशकात शाळांचं माध्यम हिंदीवरून इंग्रजीवर नेलं, तेव्हा ते इंग्रजी डोंगर चढून पोचवलं बऱ्याच अंशी भारतीय शिक्षकांनी. सम्राट हैले सेलासी यांच्या इथिओपियात केरळी मास्तरांची रीघ लागली होती. मालदीवच्या बेटांवर ती पुढेही दिसत राहिली. हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेत व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाचे शिक्षक शिकून गेले. यांपैकी कोणाला कधी ‘फक्त नेटिव्ह’ अशी पाटी आडवी आली नाही, कारण तिथे सातांतला कोणी जायला फारसा उत्सुक नव्हता.

आणि सर्वांत देखणं उदाहरण तर मुंबईतलंच आहे. १८७८ साली सतरा वर्षांचा रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जायचा होता. त्याचं बोलण्याचं इंग्रजी आणि रीतभात जरा घासूनपुसून घ्यावी म्हणून घरच्यांनी त्याला मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे ठेवलं. शिकवायला कोण, तर त्यांची विलायतेहून परतलेली मुलगी अन्नपूर्णा. मराठी बाईने बंगाली मुलाला इंग्रजी शिकवलं. विद्यार्थ्याचं पुढे बरं झालं. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं, ते स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या जोरावर. नेटिव्ह कोण होतं, हे स्टॉकहोममध्ये कोणी विचारलं नाही.

पैशांचं सांगावं तर ते थोडक्यात आणि तोंड वळवून सांगावं लागतं. थायलंडच्या शाळांत फिलिपिनो शिक्षक हजारोंनी आहेत, आणि शेजारच्या वर्गातल्या गोऱ्या सहकाऱ्यापेक्षा कितीतरी कमी पगारावर तेवढेच तास घेतात. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून अमेरिकेचे पाचशेहून अधिक शिक्षक मनिलाला उतरले होते. तेव्हापासून चार पिढ्या इंग्रजीत शिकल्या, तरी कोरियाच्या सात देशांत फिलिपिन्स नाही. पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तीच कोरियन मुलं इंग्रजी शिकायला विमानाने बागियो आणि सेबूला जातात. शिक्षकाला आणायचं नाही, विद्यार्थ्याला पाठवायचं. आपल्याकडे एखाद्याला घरात घेत नाहीत पण त्याच्याकडचं लोणचं वाटी पाठवून मागवतात, तसं.

सांगलीच्या मास्तरला थायलंडमध्ये एक नवा शब्द मिळाला. गोऱ्या माणसाला थाई लोक ‘फरंग’ म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’चा हा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ एकच. शाळेतल्या पालकसभेत पालक अदबीने विचारतात की पुढच्या वर्षी आमच्या वर्गाला फरंग टीचर मिळतील का. मास्तर फरंग नव्हे. भारतीयांसाठी तिथे वेगळा शब्द आहे, ‘खॅक’, आणि त्याचा अर्थ पाहुणा. हे कळल्यावर मास्तरला जरा बरं वाटलं. पाव्हणं म्हटलं की सांगलीकडे निदान चहा तरी विचारतात.

पहिल्या सहामाहीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तो बाजारातून चालला होता. त्याच्या वर्गातली अर्धी पोरं आता ‘फुटबॉल’ म्हणत होती, उरलेली ‘फुत्बॉन’ म्हणताना निदान ओशाळत होती. मागून एका म्हातारीने हाक दिली, ‘फरंग! फरंग!’ मास्तर थबकला. सहा महिन्यांत त्याला कोणी या नावाने हाक मारली नव्हती. छाती नकळत थोडी पुढे आली. त्याने वळून पाहिलं.

म्हातारीपुढे हिरव्यागार पेरूंचा ढीग होता. थाईत पेरूलाही फरंगच म्हणतात. तिने एक पेरू चिरून, वर लाल तिखट, मीठ आणि साखर भुरभुरून फोड पुढे केली. मास्तरने ती तोंडात टाकली, ओठांचा चंबू झाला, आणि त्याने हाताची पाचही बोटं दाखवून अर्धा किलो मागितले.